इंग्लंडमधली शाळा, केसांचे नियम आणि गव्हर्नरने तपासायच्या गोष्टी

प्रश्न: मी इंग्लंडमधल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत पेरेंट गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या कारभारी मंडळावरचा पालक सदस्य आहे. इयर सेव्हनमधल्या (अकरा-बारा वर्षांच्या), कॅरिबियन कुटुंबातल्या एका मुलाला कॉर्नरोज, म्हणजे टाळूलगत विणलेल्या वेण्या घातल्याबद्दल चार दिवस आयसोलेशनमध्ये, म्हणजे वर्गापासून वेगळ्या खोलीत बसवलं आहे. नियमावलीत 'अतिरेकी केशरचना चालणार नाही' आणि 'केस क्लिपरच्या नंबर २ पेक्षा बारीक नकोत' असं लिहिलंय. हेडटीचर म्हणतात, नियम सगळ्यांना सारखा आहे. शाळेत शीख मुलं आहेत, आणि ओळखीतल्या एका मराठी मुलाची मे महिन्यात मुंज आहे. धोरण पुढच्या बैठकीत मंजुरीला येणार आहे. नेमकं काय बघावं?

उत्तर: आधी त्या मुलाचं बघा, धोरण चार आठवडे थांबू शकतं. मुलगा वर्गात परत जायला हवा, तोही कॉर्नरोज न सोडता. त्यासाठी ठराव लागत नाही, हेडटीचर आजच्या आज शिक्षा थांबवू शकतात. पण हे काम तुम्ही स्वतः हातात घेऊ नका. पालकांनी औपचारिक तक्रार केली तर शेवटच्या टप्प्यावर गव्हर्नरांचं पॅनेल बसतं, आणि प्रकरणात आधी हात घातलेल्या गव्हर्नरला त्यात बसता येत नाही. काळजीपोटी प्रत्येकाने मुलाच्या आईला फोन केला की पॅनेलसाठी तीन निष्पक्ष माणसं उरत नाहीत. गव्हर्नरांच्या अध्यक्षांना, म्हणजे चेअरना दोन ओळींचा ईमेल पुरे: या शिक्षेत समता कायद्याचा प्रश्न असू शकतो, तो तपासून होईपर्यंत मूल वर्गात असावं आणि हेडटीचरनी काय ठरवलं ते लेखी कळवावं. मुलाचं नाव लिहू नका.

आयसोलेशनवर एवढा भर का, ते सांगतो. सस्पेन्शन, म्हणजे शाळेतून तात्पुरतं काढणं झालं तर ते नोंदवावं लागतं, पालकांना कारणासह लेखी कळवावं लागतं, आणि दिवस वाढले की गव्हर्नरांना फेरविचार करावा लागतो. आयसोलेशनला कायद्याने यातलं काहीच लागत नाही. मूल हजेरीपटावर 'हजर' दिसतं आणि दिवसभर एका खोलीत वर्कशीट भरत बसतं. केसांवरून झालेल्या शिक्षा बहुतेक याच खोलीत दडलेल्या असतात, म्हणून गव्हर्नरांपुढे येणाऱ्या तक्त्यांत त्या दिसत नाहीत. कायद्याच्या नजरेतून मात्र त्या सुटत नाहीत. समता कायद्याचं, म्हणजे इक्वॅलिटी ॲक्ट २०१० चं कलम ८५ शाळेतून काढणं एवढ्यापुरतं नाही, विद्यार्थ्याचं 'अन्य कोणतंही नुकसान' करण्यालाही ते लागू आहे. चार दिवसांचे तास बुडणं हे नुकसान आहे.

दुसरी पळवाट म्हणजे 'घरी जा, नीट करून ये'. गणवेशातली चूक सुधारायला हेडटीचर मुलाला थोड्या वेळासाठी घरी पाठवू शकतात, ही मुभा शिक्षण खात्याच्या मार्गदर्शनात आहे. ती बूट बदलण्यासाठी, टाय आणण्यासाठी आहे. जी गोष्ट तासाभरात बदलता येत नाही तिच्यासाठी घरी पाठवलं की ते कागदावर न आलेलं सस्पेन्शन होतं, आणि तसं करणं बेकायदा आहे. केस या दुसऱ्या प्रकारात मोडतात. का, ते समजायला केसांची थोडी माहिती हवी. धोरणं लिहिणाऱ्या समितीत ती बहुधा कुणालाच नसते.

आफ्रिकी वंशाच्या मुलांचे घट्ट कुरळे केस टाळूपासून खाली पडत नाहीत, बाहेर आणि वर वाढतात. टाळूवरचं तेल वळणांमुळे टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून केस कोरडे राहतात आणि विंचरताना तुटतात. त्यावरचा उपाय म्हणजे केस गुंफून ठेवणं: टाळूलगत विणलेले कॉर्नरोज, सुट्या बारीक वेण्यांच्या बॉक्स ब्रेड्स, दोन पदरी ट्विस्ट. गुंफलेले केस रोज विंचरावे लागत नाहीत, ओलावा टिकतो, वाढ टिकते. बॉक्स ब्रेड्स घालायला चार ते आठ तास लागतात, सोडायला आणखी काही तास, आणि त्या सहा-आठ आठवडे ठेवल्या जातात. सलूनमध्ये शंभर पौंडांच्या आसपास खर्च येतो. रविवारी घातलेल्या वेण्या सोमवारी 'उद्यापर्यंत काढा' म्हणणं म्हणजे एका कुटुंबाचा अख्खा दिवस आणि तेवढे पैसे वाया घालवणं आहे. लॉक्स, म्हणजे केसांच्या जटा (ड्रेडलॉक्स), तर सहसा सोडवता येत नाहीत, त्या कापाव्याच लागतात. म्हणजे लॉक्सवरची बंदी ही प्रत्यक्षात केस कापण्याची सक्ती असते.

'मग मोकळे ठेवा, नीट बांधा' हा सल्लाही फसतो. मोकळे ठेवले की अफ्रो होतो आणि 'फार फुगीर' म्हणून पुन्हा अडवतात. घट्ट ओढून रोज बांधले की कपाळाच्या कडेचे केस मुळातून जातात, त्वचारोगतज्ज्ञ त्याला ट्रॅक्शन ॲलोपेशिया म्हणतात आणि तो जुना झाला की केस परत येत नाहीत. रसायनाने सरळ करायचे तर काही रिलॅक्सरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असतं, त्याने टाळू भाजू शकते. अकरा वर्षांच्या मुलाला 'नीटनेटकं' दिसण्यासाठी यातलं एक निवडायला लावणारा नियम सर्वांना सारखा नसतो. तो सरळ केस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला असतो आणि मग सगळ्यांना लावला जातो.

आता कायदा. हेडटीचरांचं 'नियम सगळ्यांना सारखा' हे वाक्य त्यांचा बचाव करत नाही, उलट त्याच समता कायद्याच्या कलम १९ चं दार तेच उघडून देतं. अप्रत्यक्ष भेदभाव म्हणजे नेमकं हेच: नियम सगळ्यांना एकच, पण एका गटाला तो इतरांपेक्षा जास्त जाचक ठरतो, या मुलालाही ठरतो, आणि न्याय्य हेतूसाठी तो हेतूच्या प्रमाणात होता हे शाळेला दाखवता येत नाही. शेवटचा मुद्दा सिद्ध करण्याची जबाबदारी शाळेवर असते. पालकांनी शाळेचा हेतू वाईट होता हे दाखवायची गरज नाही. बैठकीत हे मुद्दाम सांगा, कारण 'आम्ही वंशवादी नाही' या वाक्यावर निम्मी चर्चा वाया जाते आणि त्या वाक्याचा या कलमाशी संबंधच नाही.

तुमच्या प्रकरणाशी जवळजवळ जुळणारा निकाल २०११ चा आहे. उत्तर लंडनच्या सेंट ग्रेगरीज कॅथलिक सायन्स कॉलेजने अकरा वर्षांच्या एका आफ्रिकन-कॅरिबियन मुलाला कॉर्नरोजमुळे पहिल्याच दिवशी परत पाठवलं होतं. शाळेचं म्हणणं असं की, काही केशरचना टोळ्यांची खूण असतात आणि त्या शाळेत नकोत. टोळीसंस्कृती बाहेर ठेवण्याचा हेतू न्यायमूर्ती कॉलिन्स यांनी रास्त मानला. पण कुटुंबाची परंपरा म्हणून कॉर्नरोज घालणाऱ्या मुलाला अपवादाची जागाच न ठेवणं हा वंशावर आधारलेला अप्रत्यक्ष भेदभाव ठरला. मुलींना कॉर्नरोज चालतात, मुलांना नाहीत, म्हणून लिंगभेदाचाही दावा होता. तो मात्र फेटाळला गेला. हे लक्षात ठेवा, कारण असे पालक बऱ्याचदा 'मुलींना का चालतं?' हाच मुद्दा पुढे करतात आणि भक्कम मुद्दा मागे राहतो. त्या निकालात आणखी एक बारकावा आहे. प्रत्येक कृष्णवर्णीय मुलगा कॉर्नरोज घालत नाही, हे शाळेचं उत्तर चाललं नाही. ज्यांच्या घरात ती रीत आहे त्यांना नियम जाचतो आणि हा मुलगा त्यांच्यातला आहे, एवढं पुरलं. म्हणून पालकांच्या पत्रात घरातल्या रीतीबद्दल दोन वाक्यं असली पाहिजेत: वडील, काका, भाऊ, कधीपासून.

शिखांच्या बाबतीत वाट त्याहून जुनी आहे. बर्मिंगहॅममधल्या एका खासगी शाळेने पगडी काढून केस कापल्याशिवाय शीख मुलाला प्रवेश देणार नाही असं सांगितलं. खालच्या दोन्ही न्यायालयांत कुटुंब हरलं. हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने) १९८३ मध्ये मंडला विरुद्ध डॉवेल-ली खटल्यात निकाल फिरवला आणि शीख हा वांशिक गटही आहे असं ठरवलं. नियम 'पाळता येणं' म्हणजे काय, याचंही उत्तर तिथेच आहे. कात्री हातात आहे म्हणून केस कापता येतात असं नाही. आपल्या समाजाच्या रीतीभातीला धरून व्यवहारात ते शक्य आहे का, हे बघायचं.

रास्ताफारी मुलांना (रास्ताफारी हा जमैकात उगम पावलेला पंथ, त्यात लॉक्स राखतात) मात्र हे कवच मिळालं नाही. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने डॉकिन्स खटल्यात रास्ताफारींना वांशिक गट मानायला नकार दिला. आज लॉक्स ठेवणाऱ्या रास्ताफारी मुलाचा दावा धर्म किंवा श्रद्धेखाली चालतो, आणि बहुतेक वेळा वंशाखालीही. हा तपशील कोरडा वाटेल, पण त्याचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे: शाळांच्या बाबतीत कायद्यातली छळाची तरतूद वंशाला लागू आहे, धर्माला नाही. कृष्णवर्णीय मुलीच्या केसांत न विचारता हात घालणं, केसांना नावं ठेवणं, शीख मुलाच्या पटक्याला, म्हणजे डोक्यावरच्या फडक्याला, टपली मारून तो पाडणं, यावर शाळेचे कर्मचारी गुंतले असतील तर वंशाधारित छळाचा दावा होऊ शकतो. हिजाब घालणाऱ्या मुलीला तशाच वागणुकीसाठी 'प्रत्यक्ष भेदभाव' किंवा 'नुकसान' या वाटेने जावं लागतं. आणि हे विद्यार्थ्यांनी केलं असेल तरी वंशद्वेषी घटना म्हणून त्याची नोंद व्हायला हवी. 'मस्करी' या सदरात पटक्याची नोंद दिसली तर गव्हर्नर म्हणून तुम्ही प्रश्न विचारायला हवा.

पटका म्हणजे लहान मुलांचं डोक्याला घट्ट बसणारं फडकं, खाली केसांचा जुडा. शाळेने त्याचा रंग गणवेशाशी जुळवायला सांगणं सहसा चालतं. खेळासाठी तो काढायला सांगायचं कारण नाही, फुटबॉलच्या नियमांनीही डोक्यावरच्या आच्छादनाला २०१४ पासून मोकळी परवानगी दिली आहे. डोक्याला मार लागला तर प्रथमोपचारासाठी पटका काढावा लागेल, पण तो आडोशाला, मुलाला सांगून, आणि परत बांधायला स्वच्छ फडकं हाताशी ठेवून. वैद्यकीय खोलीत अशी दोन फडकी ठेवायला काही पौंड लागतात. धोरणाच्या दहा पानांपेक्षा कुटुंबांना याचं अप्रूप जास्त असतं.

मुंजीचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं केलंत, कारण 'नंबर २' हा नियम आपल्या लोकांना नेमका तिथे आडवा येतो. क्लिपरचा नंबर २ म्हणजे साधारण ६ मिलिमीटर, नंबर १ म्हणजे ३. मे महिन्याच्या शेवटी हाफ-टर्मच्या सुट्टीत भारतात मुंज उरकून, क्षौर झालेलं डोकं आणि कदाचित छोटी शेंडी घेऊन मुलगा सोमवारी शाळेत येतो. तिरुपतीहून आलेल्या मुलाचं तेच, वडील किंवा आजोबा गेल्यावर केस उतरवलेल्या मुलाचं तेच. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे नंबर २ गाठायला दोन आठवडे. कुणी मुलाला 'वाढेपर्यंत आयसोलेशन' देऊ लागलं तर तेवढे दिवस ते चालणार, आणि त्या काळात मुलाला चूक सुधारण्याचा कुठलाच मार्ग नाही. दुःखातल्या मुलाला असं बसवून ठेवणं क्रूर आहे, पण 'झिरो टॉलरन्स' लिहिलेल्या शाळेत हे नुसत्या यांत्रिक अंमलबजावणीतून घडतं.

पालकांनी इथे एक काम आधी करावं. सुट्टीपूर्वी चार ओळींचा ईमेल: कोणता संस्कार, कोणत्या तारखेला, मुलगा कसा दिसेल, आणि शेंडी असेल तर ती किती दिवस. भटजींचं प्रमाणपत्र जोडायची गरज नाही, शाळेने ते मागूही नये. कायद्याच्या दृष्टीने मुंजीचं क्षौर हे शिखांच्या केशांइतकं भक्कम नाही, कारण आता बऱ्याच घरी मुंजीत नुसती कात्री लावतात आणि शाळेचा वकील ते दाखवून देईल. म्हणून धर्मासोबत भारतीय मूळ हा आधारही मांडावा आणि 'आमच्या घरात असं करतात' हे स्पष्ट लिहावं. रीत सक्तीची नसली तरी तिला मान द्यावा, हा विचार सगळ्यात स्वच्छ मांडला गेला तो दक्षिण आफ्रिकेत. डर्बनच्या एका तमिळ हिंदू मुलीची चमकी शाळेने काढायला लावली. तिथल्या संविधान न्यायालयाने २००७ मध्ये पिल्ले प्रकरणात निकाल मुलीच्या बाजूने दिला. चमकी ही धर्माची आज्ञा नाही, हे कबूल करूनही ती संस्कृतीचा खरा भाग आहे म्हणून अपवाद द्यायला हवा होता, असं न्यायालय म्हणालं. एकाला सूट दिली की रांग लागेल, ही भीतीही तिथे टिकली नाही. तो निकाल इंग्लंडमध्ये बंधनकारक नाही, पण गव्हर्नरांना वाचून दाखवायला उत्तम आहे.

शाळा जिंकतात ते केव्हा, हेही माहीत असू द्या. लुटनच्या डेनबी हायस्कूलने एका मुस्लीम मुलीला जिलबाब, म्हणजे अंगभर सैल झगा नाकारला आणि २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊन शाळा जिंकली. कारण नियम करताना तिने पालकांशी, विद्यार्थ्यांशी, स्थानिक मशिदींशी बोलून घेतलं होतं, सलवार-कमीज आणि हिजाब हा पर्याय दिला होता, आणि हे सगळं कागदावर होतं. तो खटला मानवाधिकार कायद्याखालचा, समता कायद्याच्या आधीचा आहे, तरी धडा लागू पडतो. हॅकनीमधल्या एका शाळेच्या नियमात याउलट 'अफ्रो केस वाजवी आकाराचे व लांबीचे असावेत' असं होतं. नैसर्गिक अफ्रोसाठी वारंवार घरी पाठवलेल्या मुलीच्या कुटुंबाला समता कायद्यावर देखरेख करणाऱ्या इक्वॅलिटी अँड ह्युमन राइट्स कमिशनने साहाय्य केलं आणि २०२० मध्ये ८,५०० पौंडांवर तडजोड झाली. 'वाजवी' कुणी ठरवायचं, कुठल्या मोजपट्टीने, हे त्या नियमात कुठेच नव्हतं.

तर धोरण हातात घ्या आणि विशेषणं शोधा. अतिरेकी, वाजवी, नीटनेटकी, व्यावसायिक, पारंपरिक, लक्ष वेधणारी. यातलं प्रत्येक विशेषण गेटवर उभ्या असलेल्या शिक्षकाच्या डोळ्यांवर सोडलेलं असतं. मग बंद्या बघा. 'एक्स्टेन्शन नकोत' या नियमात बॉक्स ब्रेड्स अडकतात, कारण त्यांत बहुधा वरून केस मिसळतात. 'डोक्यावर रेघा किंवा नक्षी नको' यात कॉर्नरोजमधले भांग अडकतात. 'बाजूचे आणि वरचे केस सारख्या लांबीचे' यात फेड, म्हणजे बाजूचे केस खाली बारीक होत जाणारी कापणी, अडकतो, आणि घट्ट कुरळ्या केसांना आकार देण्याची मुलांची सगळ्यात साधी पद्धत फेड हीच आहे. 'डोक्यावर काहीही नको' यात हिजाब, पटका, रास्ताफारींची टोपी, ज्यू मुलाची किप्पा सगळंच. 'केस कॉलरच्या वर' यात लॉक्स आणि शेंडीही. शेवटचा नियम साळसूद वाटतो, तेवढ्यासाठी टेक्सासकडे बघा: तिथे वेण्या आणि लॉक्सना संरक्षण देणारा क्राउन ॲक्ट सप्टेंबर २०२३ मध्ये लागू झाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्याच एका न्यायाधीशाने लॉक्स ठेवणाऱ्या मुलाविरुद्ध निकाल दिला, कारण शाळेने प्रकाराला नव्हे तर लांबीला हरकत घेतली होती. प्रकार मोकळा ठेवून लांबी बांधून टाकली की बंदी मागच्या दाराने परत येते.

वर आलेल्या ब्रिटनमधल्या समता कमिशनने ऑक्टोबर २०२२ मध्ये शाळांसाठी खास केसांवरचं मार्गदर्शन काढलं. अफ्रो, वेण्या, कॉर्नरोज, आच्छादनं अशांवर अपवादाची सोय न ठेवता घातलेली बंदी बेकायदा ठरण्याची शक्यता मोठी, असं त्यात स्पष्ट आहे. त्याच्यासोबत नियम तपासायची प्रश्नावली आहे. ती भरून धोरणाला जोडा. सरकारी शाळा आणि अकॅडमींवर (सरकारी पैशावर चालणाऱ्या स्वायत्त शाळांवर) समता कायद्याच्या कलम १४९ ची जबाबदारी असते, म्हणजे निर्णयाआधी समतेचा विचार केल्याचं दिसलं पाहिजे. भरलेली प्रश्नावली हा त्याचा पुरावा होतो. खासगी शाळांवर ही जबाबदारी सहसा नसते, कलम ८५ मात्र त्यांनाही लागू आहे.

अपवाद ठेवावेत की बंदीच काढावी? कायद्याला अपवाद पुरतो. माझं मत बंदी काढण्याच्या बाजूने आहे, आणि कारण पूर्णपणे व्यवहाराचं आहे. अपवादाची पद्धत ठेवली की कुणीतरी अर्ज तपासणार. आई आयरिश आणि वडील जमैकन असलेल्या गोऱ्या दिसणाऱ्या मुलीला वेण्या चालतील का, हे ऑफिसातली व्यक्ती ठरवणार. प्रत्येक कुटुंबाला आपल्या डोक्यावरच्या केसांसाठी परवानगी मागावी लागणार, आणि ज्यांना पत्र लिहायला जमत नाही ते मुलांचे केस मुकाट कापणार. कॉर्नरोज सगळ्यांना मोकळे केले तर फार तर दोन-चार गोरी मुलं सुट्टीवरून वेण्या घालून येतील. त्याने शाळा बुडत नाही.

खरे धोके वेगळे आणि मोजके आहेत, त्यांच्यावर नियम जरूर करा. प्रयोगशाळेत बन्सेन बर्नरजवळ सगळ्यांचे लांब केस बांधलेले हवेत. वेण्यांतले कृत्रिम केस आगीजवळ वितळून कातडीला चिकटतात, म्हणून ते मागे बांधून कॉलरच्या आत घालणं अधिक बरं. वर्कशॉपमध्ये ड्रिल आणि लेथजवळ तेच. हिजाबची सैल टोकं आत खोचलेली. खेळात कडक मणी, धातूच्या क्लिपा नकोत. पोहताना नेहमीची टोपी जाड वेण्यांवर आणि लॉक्सवर बसत नाही, मोठ्या टोप्या बाजारात मिळतात. जागतिक जलतरण संघटनेने टोकियो ऑलिंपिकआधी २०२१ मध्ये अशी टोपी नाकारली होती आणि २०२२ मध्ये मान्य केली. शाळेकडे उसन्या द्यायच्या टोप्या असतील तर त्यांत दोन मोठ्या ठेवा. हे नियम 'कुणाचे केस' यावर नसतात, 'कुठल्या खोलीत' यावर असतात, आणि म्हणूनच टिकतात.

मजकूर पाहिजे असेल तर इतका पुरतो: 'विद्यार्थ्यांनी केस स्वच्छ ठेवावेत. अफ्रो, वेण्या, कॉर्नरोज, ट्विस्ट, लॉक्स, फेड, तसंच धर्म किंवा संस्कृतीनुसार राखलेले, उतरवलेले वा झाकलेले केस कुठल्याही लांबीत चालतील. रंग नैसर्गिक छटांतला असावा. प्रयोगशाळा, वर्कशॉप आणि खेळाच्या तासाला लांब केस आणि सैल टोकं सर्वांनी बांधावीत. केसांच्या कारणावरून कुणालाही वर्गाबाहेर ठेवलं जाणार नाही. शंका असल्यास हेडटीचर कुटुंबाशी बोलतील आणि निर्णय लेखी कळवतील.' शेवटची दोन वाक्यं हेडटीचर खोडायला सांगतील. बाकी कुठेही नमतं घ्या, तिथे नको.

बैठकीआधी आकडे मागवा: गेल्या दोन वर्षांत केस किंवा आच्छादनावरून झालेल्या सगळ्या शिक्षा, आयसोलेशनसह, वांशिक गट, लिंग आणि बुडालेल्या तासांप्रमाणे, नावांशिवाय. 'आमच्याकडे अशी वेगळी नोंद नाही' हे उत्तर आलं तर तेही इतिवृत्तात लिहून घ्या. दोन वर्षांच्या शिक्षांत दहापैकी आठ मुलं कृष्णवर्णीय निघाली आणि शाळेत त्यांचं प्रमाण दहात एक असेल, तर पुढची चर्चा फार लांबत नाही.

मुलाच्या पालकांना तुम्ही थेट सल्ला देऊ नये, पण शाळेने त्यांना तक्रारीची पद्धत दिली आहे ना, हे चेअरना विचारता येईल. त्यांची वाट अशी आहे: हेडटीचरना लेखी तक्रार, मग चेअर, मग पॅनेल. त्यासोबत घटनेच्या दिवशी वेबसाइटवर असलेल्या नियमावलीची प्रत, कारण तक्रारीनंतर ती गुपचूप बदललेली आढळते. त्या दिवशीच्या केसांचा तारखेसह फोटो. आयसोलेशनचे दिवस आणि बुडालेले विषय. कुणी काय म्हणालं त्याची त्याच संध्याकाळी लिहिलेली टिपणं. फुकट सल्ल्यासाठी इक्वॅलिटी ॲडव्हायझरी अँड सपोर्ट सर्व्हिस आहे. तिथे न मिटल्यास वंश आणि धर्माचे शाळेविरुद्धचे दावे काउंटी कोर्टात जातात, आणि मुदत घटनेपासून सहा महिन्यांना एक दिवस कमी. शाळेची तक्रारप्रक्रिया चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. उन्हाळी सुट्टी मध्ये आली की पॅनेल सप्टेंबरवर जातं, आणि मार्चमध्ये घडलेल्या घटनेची मुदत त्याच महिन्यात संपते.